न काढलेले बटाटे

आमच्या कॉलनीतल्या निम्म्याअधिक माणसांना कांबळे सिस्टरांनी कधी ना कधी सुई टोचली होती. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपवून त्या आमच्या शेजारच्या बैठ्या घरात राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत कॉलनीला कळलं, की आता इंजेक्शनसाठी, बी.पी. बघायला, टाके काढायला रिक्षा करून जायला नको. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की सिस्टर कुणाला नाही म्हणत नसत आणि कुणाकडून काही घेत नसत. फक्त बोलत. "वरडू नगासा. बाळंतीण बाई एवढी वरडत न्हाय," असं त्यांनी आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांना त्यांच्याच दिवाणखान्यात सुनावलं होतं.

"मी हितं कुणाला तोंडानं वळखत न्हाय," त्या म्हणत. "पाठ फिरवली की बरोब्बर वळखतो."

येतो, जातो, वळखतो असं कोल्हापूरच्या बायका बोलतातच. पण सिस्टरांच्या तोंडी ते बोलीपेक्षा स्वभावातून आल्यासारखं वाटे. उंच, हाडापेरानं रुंद, आवाज वॉर्डच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या पेशंटला दटावेल असा. नवरा फौंड्रीत होता, तो इकडं घर घ्यायच्या आधीच गेला. मुलगी लग्न होऊन पुण्यात. पुढच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढं एक फूल, आणि बाकी सगळं घर दवाखान्यासारखं स्वच्छ. माझ्या आणि त्यांच्या परसात कमरेएवढी भिंत होती. शाळेत शिकवून आले की मी त्या भिंतीवर पिशवी ठेवी आणि सिस्टर पलीकडून चहाचा कप ठेवत. आमची ओळख त्या भिंतीवरच झाली.

त्यांच्या परसात बिल्डरनं विटांचे तुकडे, खडी, फुटकी कौलं असा सगळा राडारोडा टाकून ठेवला होता. सिस्टरांनी तो एका उन्हाळ्यात स्वतः उपसला. दवाखान्यातले जुने पांढरे बूट पायांत, डोक्याला टॉवेल. शेणखताचा टेम्पो आला तेव्हा बायका कुतूहलानं बघायला आल्या. गुलाब येणार की मोगरा, यावर चर्चा झाली. दिवाळी उलटल्यावर सिस्टरांनी सऱ्या पाडल्या आणि बटाटे लावले.

समोरच्या पाटीलवैनींना हसू आवरेना. "सिस्टर, बटाटं बाजारात ढिगानं मिळत्यात की! त्यापेक्षा जास्वंद लावा, देवाला फुलं तरी हुतील."

"फुलं सगळीच देत्यात देवाला, वैनी. बटाटं कोण देतंय?"

त्यांचं बटाटे लावणं बघण्यासारखं असे. बियाण्याचे बटाटे खाटेखाली टोपलीत पसरलेले, कोंब फुटेपर्यंत. मग प्रत्येक बटाटा हातात फिरवून त्याचे डोळे बघायचे, दोन डोळे येतील अशी फोड कापायची आणि कापलेल्या अंगाला चुलीतली राख लावायची. "जखम उघडी ठेवायची न्हाय," त्या मला सांगत, जणू मी शिकाऊ नर्स. रोपं वीतभर झाली की बुंध्याशी मातीची भर द्यायची. भर कमी पडून एखादा बटाटा उघडा पडला, उन्हानं हिरवा झाला, की त्या चिडत. "बघ, ह्याच्यावर पांघरूण न्हवतं. गेला कामातनं." पानं पिवळी पडली की पाणी बंद. पाला कापायचा आणि मग नुसतं थांबायचं. साल घट्ट होईपर्यंत. मधेच एखादा उकरून अंगठ्यानं घासून बघत. साल सुटली की परत मातीत. "अजून हाय ह्याचं दुखणं."

काढणीला मात्र कुदळीला हात लावत नसत. खुरप्यानं कडेची माती सैल करायची आणि पुढचं सगळं बोटांनी. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, कुदळीनं पटकन होईल की." त्या वरंब्याशी फतकल मारून बसल्या होत्या, कोपरापर्यंत माती. वर न बघता म्हणाल्या, "कुदळीनं फुटत्यात."

"एखाददुसरा फुटला तर काय होतंय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव चंदगडकडं. आई दुसऱ्यांच्या रानात बटाटे काढायला जायची, या तिच्याबरोबर. संध्याकाळी मालक अख्खे बटाटे पोत्यात भरायचा आणि कुदळीनं फुटलेले, हिरवे पडलेले बाजूला ढकलायचा. ते ह्यांच्या पदरात. पदर लांब धरायचा, म्हणजे टाकणाऱ्याचा हात लागायला नको. "मला लहानपणी वाटायचं, आमच्या लोकांचं बटाटं फुटकंच उगवत असत्यात," त्या म्हणाल्या आणि खणखणीत हसल्या. "नोकरी लागल्यावर पयल्या पगारात अख्खं बटाटं आणलं. आईनं सगळं भांड्यात मांडलं आणि नुसती बघत बसली. शिजवंना."

मग मातीतून एक बटाटा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. गुळगुळीत, ओरखडा नसलेला. अजून उन्हानं कोमट होता.

पहिल्या वर्षीची काढणी त्यांनी बादलीत घालून घरोघर वाटली. कुणी भांडं साखर घालून परत दिलं, कुणी शेंगदाणे घालून. पाटीलवैनींच्या घरी त्या सगळ्यात जास्त जात. वैनींची सासू अंथरुणाला खिळलेली होती, पाठीला जखमा झालेल्या. कामवाली बाई वासानं उंबऱ्याच्या आत यायची नाही. सिस्टर रोज सकाळी जाऊन ड्रेसिंग करत. म्हातारीला कुशीवर वळवून पू काढायचा, पावडर टाकायची, पट्टी बांधायची आणि हे सगळं करताना तिच्याशी भांडायचं. म्हातारीला त्यांच्याशिवाय चैन पडत नसे. ती गेली त्या दिवशी वैनी सिस्टरांच्या गळ्यात पडून रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल.

माघ महिन्यात आमच्या कॉलनीच्या गणपतीला महाप्रसाद असतो. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. बटाट्याची काढणीही नेमकी त्याच सुमाराला. सिस्टरांनी दुसऱ्या वर्षी पोतंभर बटाटे देवळात पाठवले आणि अध्यक्षांनी माइकवरून त्यांचं नाव घेतलं. तिसऱ्या वर्षी पोतं पाठवून त्या स्वतःही गेल्या. सकाळी न्हाऊन, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, घरची सुरी रुमालात गुंडाळून. मांडवात आम्ही बायका बटाटे सोलत बसलो होतो. सिस्टर येऊन बसल्या.

"तुम्ही कशाला त्रास घेताय सिस्टर, तिकडं खुर्चीवर बसा की," एकीनं म्हटलं.

"बसून काय करू? माझं बटाटं हाईत, मलाच सोलू द्या."

शेजारच्या बायका जरा सरकून बसल्या. सिस्टरांचा हात भराभर चालत होता. साल कागदासारखी पातळ, फोडी सगळ्या एकसारख्या, मिठाच्या पाण्यात टाकलेल्या. एक घमेलं भरलं तशा त्या घरी गेल्या, साडीवर पाणी सांडलं होतं ती बदलायला.

त्या परत आल्या तेव्हा पहिली पंगत बसायच्या बेतात होती. मी पुऱ्यांची टोपली घेऊन उभी होते. सिस्टर पाय धुवायला देवळामागच्या नळावर गेल्या. तिथं पुजाऱ्यांची गाय बांधलेली असते. थोड्या वेळानं त्या आल्या त्या पंगतीकडं नाही, चुलाणाकडं. पाय कोरडे होते. मुठीत काहीतरी होतं.

त्यांनी मूठ उघडली. "ह्या फोडी माझ्या हाईत. गाईच्या गव्हाणीत कशा गेल्या?"

भाजीच्या कढईत उलथनं फिरवणारा आचारी थांबला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाटीलवैनी फडक्याची घडी घालत म्हणाल्या, "अवो, त्या काळ्या पडलत्या सिस्टर. म्हणून बाजूला..."

सिस्टरांनी तळहात वैनींच्या पुढं धरला. फोडी पांढऱ्याशुभ्र होत्या. "मिठाच्या पाण्यात हुत्या. कुठं काळ्या पडल्यात, दावा."

वैनींनी फडक्याची घडी मोडली आणि परत घातली.

"पोत्यातलं बटाटं चाललं. मी लावल्यालं, मी काढल्यालं, मी धुतल्यालं. ते कढईत शिजतंय. मग सोलल्यावर काय झालं त्यास्नी?"

अध्यक्ष लगबगीनं पुढं आले. "सिस्टर, देवाच्या दारात कशाला वाढवताय? सणाचा दिवस हाय."

तेव्हा पुऱ्या लाटायला बसलेली एक म्हातारी, कॉलनीत जिला सगळे आजी म्हणतात, ती समजावणीच्या सुरात बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, द्वेष नव्हता. भाजीत मीठ किती घालायचं हे सुनेला सांगावं तशी ती म्हणाली, "कोरडं चालतंय बाई. ओल्याचं जरा बघाय लागतंय."

सिस्टर तिच्याकडं वळल्या. गेल्याच आठवड्यात त्यांनी तिला सलाईन लावलं होतं.

"सुई ओलीच असती की, आजी," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्यांचा तो आवाज, ज्याला कॉलनी भ्यायची, तो चढला नाही. त्या वळल्या, देवळामागं गेल्या, फोडी परत गव्हाणीत टाकल्या. "खा बाई, तुला चालतंय," असं गाईला म्हणाल्याचं आम्हाला ऐकू आलं. मग मांडवाच्या कडेनं त्या घरी गेल्या. अध्यक्षांनी आरोळी दिली, पंगत बसली, मी पुऱ्या वाढल्या. भाजी चांगली झाली होती, असं लोक म्हणाले.

नंतरच्या आठवड्यात मी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात बसले होते. दारात पाटीलवैनी आल्या. डोळे सुजलेले. आत येऊन उभ्याउभ्याच रडायला लागल्या.

"सिस्टर, माझ्या मनात काय न्हवतं वो. पण मोठी माणसं हायत, कमिटी हाय. मी एकटी बाई काय बोलणार? तुम्ही माझ्या सासूचं केलं ते मी मरंपतूर इसरणार न्हाय."

"बसा," सिस्टर म्हणाल्या. वैनी पाटावर बसल्या. सिस्टरांनी आलं किसलं, दूध घातलं, तीन कप भरले. एक माझ्यापुढं, एक वैनींच्या पुढं. मी माझा उचलला. वैनींनी कपाकडं बघितलं, पदरानं डोळे पुसले, परत कपाकडं बघितलं.

"आज उपास हाय माझा," त्या हळूच म्हणाल्या.

"चहा चालतोय की उपासाला."

वैनींनी कप उचलला. खरंच उचलला. तोंडापाशी नेला. आणि कप तसाच खाली ठेवला गेला. थोडा चहा बशीत सांडला. त्यांना प्यायचा होता, याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्यांच्याच्यानं होईना. पोरवयापासून अंगात मुरलेलं काहीतरी त्यांचा हात धरून बसलं होतं.

सिस्टरांनी तो कप घेतला आणि मोरीत ओतला. "जावा वैनी. तुमचं रडणं खरं हाय, दिसतंय मला. पण ते बी कोरडंच हाय."

यानंतर सिस्टरांनी कॉलनीशी अबोला धरला, भांडण काढलं, असं काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. चिठ्ठी घेऊन लोक येतच राहिले, जणू काही घडलंच नाही, आणि सिस्टर सुया टोचत राहिल्या. फक्त बोलणं गेलं. "दंड वर करा. झालं." एवढंच. पेशंट ओरडला तरी त्या काही म्हणत नसत. लोकांना वाटलं, सिस्टरांचं वय झालं, शांत झाल्या.

दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा बटाटे लावले. मला बरं वाटलं. सऱ्या पूर्वीपेक्षा सरळ, भर पूर्वीपेक्षा उंच. पीक असं जोमात आलं, की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत. पानं पिवळी पडली, सिस्टरांनी पाणी तोडलं, पाला कापला. माघ आला तसे अध्यक्ष फाटकाशी आले.

"काय सिस्टर, यंदा पोतं कवा पाठवताय?"

"काढलं न्हाईत अजून."

"माणसं लावू का काढायला?"

"काढायचंच न्हाईत."

अध्यक्षांना वाटलं त्या थट्टा करतात. ते हसले आणि गेले. महाप्रसादाला बाजारातून बटाटे आले. शिवरात्र झाली, होळी झाली. ऊन तापलं, वरंब्यांना भेगा पडल्या आणि भेगांतून बटाटे दिसायला लागले. मी भिंतीशी उभी राहून म्हटलं, "सिस्टर, कुजतील हो. एवढं केलंय तुम्ही."

"कुजूंदेत. मातीतच कुजत्याल. गव्हाणीत न्हाईत."

"निदान आपल्या घरी..."

"मला एकटीला किती लागत्यात?" त्या म्हणाल्या. "बटाटं वाटायसाठी लावतो मी. वाटायचं मन व्हत न्हाय. आणि काढून नुसतं ठिवायचं, ते बी हुईना."

एका दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते. सिस्टरांनी मला बघितलं नव्हतं. त्या वरंब्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या, एक हात मनगटापर्यंत मातीत. त्यांनी एक बटाटा वर काढला. मोठा होता. पदरानं पुसला, तळहातावर फिरवला, अंगठ्यानं घासून साल बघितली. बराच वेळ त्या त्याच्याकडं बघत होत्या. मग तो होता तिथं ठेवून त्यावर माती ओढली आणि वरून थापटली. फुटक्या बटाट्यांवर वाढलेली बाई अख्खे बटाटे पुरत होती. मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. हाक मारायचं धाडस झालं नाही.

वळवाचे पाऊस झाले आणि वास सुटला. कुजक्या बटाट्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. तो कपड्यांत बसतो, जेवणात येतो. कॉलनीनं खिडक्या लावून घेतल्या. कमिटीची माणसं नाकाला रुमाल लावून आली.

"सिस्टर, लई वास मारालाय. कायतरी करा."

सिस्टर पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. "ओलं हाय म्हणून मारालाय," त्या म्हणाल्या. "कोरडं झालं की चालंल तुमास्नी."

त्या पावसाळ्यातच त्यांनी घर विकलं. मुलगी न्यायला आली होती. पण सिस्टर पुण्याला गेल्या नाहीत, चंदगडकडं भावाच्या घरी गेल्या. जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा सगळं बांधून झालं होतं. मूर्ती तेवढी त्या स्वतः मांडीवर घेऊन जाणार होत्या.

"ज्या गावात पदर लांब धरायला लावायचे, तिथंच परत?" मी विचारलं.

"तिथं कोण कुठं बसायचं ते सगळ्यास्नी ठाऊक हाय. भांडता तरी येतंय," त्या म्हणाल्या. "हितं मला वाटलं, मी घरातली हाय."

पाटीलवैनी निरोपाला आल्या नाहीत. खिडकीच्या पडद्याआड उभ्या होत्या, एवढं मला दिसलं. नव्या मालकानं महिन्याच्या आत परसात फरशी घातली आणि त्यावर गाडी उभी केली.

त्यानंतर सिस्टर मला एकदाच भेटल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला कोल्हापूरला आल्या होत्या. मी एस.टी. स्टँडवर बहिणीला सोडायला गेले होते. चंदगडच्या गाडीपाशी त्या उभ्या होत्या. अंगानं निम्म्या झाल्या होत्या, पण साडीला इस्त्री होती. मी हात धरला, कॉलनीत चला म्हणाले. त्यांनी मान हलवली. कॉलनीतल्या कुणाचीच चौकशी केली नाही. मी आपण होऊन सांगितलं, की पाटीलवैनींना साखरेचा त्रास सुरू झालाय, रोज सुई घ्यावी लागते, टोचायला कुणी मिळत नाही.

"शिकंल स्वतः घ्यायला," त्या म्हणाल्या. "अवघड नसतंय."

"तिकडं बटाटे लावता का?"

"न्हाय. भाऊ रताळी लावतो. मी रानाकडं जात न्हाय."

गाडीत माणसं चढायला लागली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. शेजारी एक खेडवळ बाई बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. गाडी निघायला वेळ होता तेवढ्यात तिनं ती सोडली, अर्धी मोडली, वर चटणी घातली आणि सिस्टरांच्या पुढं धरली. "घ्या की, पावणं."

सिस्टरांनी हात पुढं केला नाही. आधी नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट. मग म्हणाल्या, "आम्ही बौद्ध हाय. आता बघा, द्यायची का."

ती बाई क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "असंना का! भाकरी खायाला काय आडनाव लागतंय? घ्या."

मी खाली उभी होते. मला वाटलं, आता सिस्टर हसतील, त्यांचं ते खणखणीत हसू, आणि भाकरी घेतील. त्यांनी त्या बाईच्या हाताकडं बघितलं, खूप वेळ. मग नको म्हणून मान हलवली आणि तोंड खिडकीकडं वळवलं. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी हलली. त्या बाईचा हात अर्धी भाकरी धरून तसाच पुढं होता.